फाडलेला ऑक्टोबर

मी एक जुनं कॅलेंडर आहे, मित्रांनो, आणि माझ्या पाठीशी, माझ्याच खिळ्याला, एक पत्र कित्येक हिवाळे अडकून पडलं होतं. त्याला उत्तर गेलं नव्हतं. भिंतीच्या आणि माझ्या मध्ये ते दबून असायचं आणि पुढचं दार आपटलं की माझ्या पाठीला घासायचं. दुसऱ्याचं पत्र असं अंगावर वागवणं बरं नव्हे, हे मला कळत होतं. पण ते काढून टाकायला मला हात नाहीत. आणि खरं सांगू का? हात असते तरी मी ते काढलं नसतं. त्या पत्राचा राग मला ऊब द्यायचा. आमच्या संडासात तशीही ऊब कमीच.

हो, मी संडासात टांगलेला आहे. स्वभावाने मी लाजाळू. चारचौघांत माझ्याने बोलवत नाही, आणि आत्ताही आपण नीट सांगतो आहोत की नाही, याची मला शंका आहे. पण माझ्या जागेची लाज मला कधी वाटली नाही. माझ्यावर वार नाहीत, सालही नाही. बारा महिने, तारखा, आणि तारखांपुढे नावं. ज्याचा वाढदिवस त्याचं नाव. ही नावं कुणीतरी रोज वाचायला हवीत ना? बैठकीच्या खोलीत लोक एकमेकांकडे बघतात, खिडकीबाहेर बघतात. माझ्यासमोर मात्र माणूस एकटा बसतो, निवांत बसतो, आणि दुसरं काही करायला नसल्याने नावं वाचतो. "अरेच्चा, शनिवारी मामांचा वाढदिवस!" असं किती वेळा मी ऐकलं असेल! मग घाईघाईने पाणी ओढल्याचा आवाज, आणि दुपारी शुभेच्छापत्र टपालात. आमच्या गल्लीत घरोघरी असंच आहे.

माझा जन्म गावच्याच छापखान्यातला. जाड कागदाची बारा पानं, वर भोक, भोकात तागाची दोरी. प्रत्येक पानावर आमच्या किनाऱ्यावरचा एक पक्षी. ऑक्टोबरच्या पानावर रानबदकांचा थवा आहे, म्हणजे होता. चर्चच्या जत्रेत गेर्लोफने मला विकत घेतलं. गेर्लोफ कालव्यावरच्या पुलाचा राखणदार. होडी आली की पूल वर करायचा, गेली की खाली. नवीन लग्न झालेलं. खिळा ठोकताना त्याने स्वतःचा अंगठा ठेचून घेतला, आणि त्याची बायको रेन्स्के दारात उभी राहून हसत म्हणाली, "एवढा मोठा पूल हलवतोस रे, आणि एक खिळा जागेवर बसेना?"

मग रेन्स्केने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं आणि आपल्या सुरेख अक्षरात नावं लिहिली. ज्याचं नाव माझ्यावर चढलं, तो घरचा झाला. माणूस मेला तरी आम्ही त्याचं नाव खोडत नाही. नावापुढे बारीकसा क्रूस काढतो आणि त्याच्या तारखेला फुलदाणीत फुलं ठेवतो. खोडलं जातं ते जिवंत माणसाचं नाव.

माझ्यावर एकच नाव खोडलेलं होतं. ऑक्टोबरच्या पानावर, वीप्केचं. वीप्के म्हणजे रेन्स्केची धाकटी बहीण.

आता त्या माणसाबद्दल सांगतो. त्याचं नाव घेताना अजूनही माझी दोरी ताठ होते. दुआर्ते. लिस्बनचा. देशोदेशी हिंडायचं आणि तिथल्या लोकांबद्दल लिहायचं, हा त्याचा उद्योग. गेर्लोफ वारल्यावर रेन्स्के वरची खोली पाहुण्यांना द्यायची. तिथे तो एका शरद ऋतूत उतरला. आमच्या देशात पहिल्यांदाच आला होता आणि प्रत्येक गोष्टीने थक्क होत होता. आमचे जिने शिडीसारखे उभे, म्हणून थक्क. रस्त्यावरून घरातलं सगळं दिसतं आणि तरी कुणी पडदे ओढत नाही, म्हणून थक्क. आज्यासुद्धा पावसात सायकलवरून भाजी आणतात, म्हणून थक्क. पहिल्या दिवशी तो दारातून आत आला तोच रेन्स्के म्हणाली, "पाहुणे, बूट चिखलाने भरलेत तुमचे. तिथेच काढा. आणि मोज्याला भोक आहे, द्या, रफू करते." दुसऱ्या कुणी ऐकून वाईट वाटून घेतलं असतं. तो खळखळून हसला आणि मोजा काढून तिच्या हातात दिला.

मलाही तो आवडला होता. हेच मला सलतं. तो माझ्यासमोर बराच वेळ बसायचा, एकेक नाव बोटाने वाचायचा. इतक्या आस्थेने मला आजवर कुणी वाचलं नव्हतं. आपण इतक्या साध्या मनाचे कसे, असं आता वाटतं.

त्याचा वाढदिवस ऑक्टोबरात होता. रेन्स्केने मला खाली काढलं आणि त्याचं नाव लिहिलं, वीप्केच्या खोडलेल्या नावाच्या बरोबर खाली. वरच्या खोलीतल्या एकाही पाहुण्याचं नाव तिने तोवर माझ्यावर घातलं नव्हतं. वाढदिवसाला खुर्च्या गोलात मांडल्या, सफरचंदाचा केक केला, शेजारपाजाऱ्यांना बोलावलं. शेजारची हिल्के आली. हिल्के म्हणजे गल्लीचा भोंगाच. तिने दुआर्तेशी हात मिळवला, "अभिनंदन!" मग रेन्स्केशी, "तुझ्या पाहुण्याबद्दल अभिनंदन!" मग सगळ्या गोलात एकेकाशी. दुआर्तेला हसू आवरेना.

"वाढदिवस माझा, मग यांचं अभिनंदन कशाला?"

"आठवडाभर तुम्हाला सहन केलं त्यांनी!" हिल्के म्हणाली. "तुमचं काय, तुम्ही नुसते जन्मलात."

सगळा गोल हसला. मीसुद्धा, आतल्या आत.

पाहुणे पांगल्यावर रेन्स्के कप धूत होती. दुआर्ते संडासातून बाहेर आला आणि दार उघडंच ठेवून त्याने विचारलं, "रेन्स्केबाई, माझ्या नावाच्या वर हे कुणाचं नाव खोडलंय?"

"माझ्या बहिणीचं."

"वारली का?"

"छे हो! कालव्यापलीकडे राहते. गाईसारखी धडधाकट आहे."

"मग?"

पाणी वाहायचं थांबलं. रेन्स्के हात पुसत बोळात आली. आणि आजवर जे तिने सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं, ते तिने त्याला सांगितलं. का सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही. दोन दिवसांनी जाणाऱ्या माणसाला सांगणं सोपं वाटलं असेल.

आमच्याकडे बाई पन्नाशीची झाली की तिच्या घरापुढे, बायबलातल्या म्हाताऱ्या साराच्या नावाची, साराची बाहुली उभी करतात. पेंढा भरलेली, माणसाएवढी, म्हातारीसारखी सजवलेली. रात्रीतून आणून ठेवायची, सकाळी बाईने बघायची, सगळ्यांनी हसायचं. रेन्स्केला पन्नास पूर्ण झाली ती फेब्रुवारीत, आणि गेर्लोफ त्याच्या आधीच्या पानगळीत गेलेला. बाहुली बनवली वीप्केने. पाऊस येणार असं दिसत होतं. बाहुलीला भिजू नये म्हणून काहीतरी जाड हवं होतं. रेन्स्केने गोरगरिबांना द्यायला म्हणून कपड्यांची पिशवी वीप्केकडे दिली होती. तिच्यात गेर्लोफचा पुलावरचा निळा कोट होता. वीप्केने तो बाहुलीला चढवला. फार विचार करणारी बाई नाही ती.

"मी बेकरीतली पहाटेची पाळी संपवून सायकलवरून येत होते," रेन्स्के सांगत होती. "धुकं होतं. फाटकाशी तो उभा. मान खाली घालून. किल्ली विसरला की असाच उभा राहायचा. मी सायकल टाकली आणि धावले. म्हटलं, अरे, असा ओलाव्यात काय उभा राहिलास, हाक का नाही मारलीस?"

हातातलं फडकं तिने घडी करून पुन्हा उलगडलं.

"मग जवळ गेले. चेहऱ्याच्या जागी उशीचा अभ्रा, आणि त्यावर लाल रंगाने हसू काढलेलं."

त्या सकाळी ती थेट माझ्याकडे आली होती. घरात आतून कडी लागते ती एवढ्याच खोलीला. ती किती वेळ रडली ते मी सांगणार नाही. मग ऑक्टोबरचं पान उलटून तिने बहिणीच्या नावावर रेघ ओढली. त्या दिवसापासून वीप्केला एकच उत्तर, "वेळ नाही." आमची माणसं तोंडावर बोलणारी म्हणून जगात प्रसिद्ध आहेत. पण ही एक गोष्ट बहीण बहिणीला बोलली नाही.

"हे कुणाला सांगू नका," रेन्स्के म्हणाली.

दुआर्तेने छातीवर हात ठेवला. बोळातला दिवा माझ्या अगदी समोर आहे. मी तो हात नीट पाहिला.

त्यानंतर बरीच वर्षं काही झालं नाही. मग एके दिवशी हिल्के धापा टाकत आली. "रेन्स्के! अगं, तू पुस्तकात आलीस! तो भोकाच्या मोज्याचा पाहुणा आठवतो? त्याचं पुस्तक आपल्या भाषेत निघालंय!" पुस्तकाचं नाव होतं 'सपाट देश, सपाट माणसं'. हिल्केला कुठलीही गोष्ट सुचण्याआधी संडास लागतो. ती पुस्तक घेऊनच आत बसली आणि बाहेर उभ्या रेन्स्केला मोठमोठ्याने वाचून दाखवू लागली.

"'इथे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. तुम्ही ते उचललंत की डबा बंद होतो. तो झाकणाचा आवाज म्हणजे या देशाचं राष्ट्रगीत आहे.' हे मात्र खरंय हं! 'इथे भेटायला यायचं तर तीन आठवडे आधी विचारावं लागतं, आणि जेवायच्या वेळी आलात तर तुम्हाला बाहेरच्या खोलीत बसवून आत बटाटे संपवतात.' आता बटाटे मोजूनच शिजवणार ना कुणीही! 'शेजारीण वाटीभर साखर उसनी नेते आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच परत आणते, वर खिंकाळणाऱ्या घोडीसारखी हसते.' घोडी? मी?"

"पुढे वाच," रेन्स्के म्हणाली.

"'ज्यांची आठवण ठेवायची त्यांची नावं हे लोक संडासात टांगतात. पिवळं पडलेलं, फिनाइलचा वास मारणारं एक कॅलेंडर. यांच्या मायेची जागा यावरून ओळखावी.'"

मित्रांनो, इतकी वर्षं मी भिंतीवर आहे; असा घाव मला खिळ्यानेही घातला नव्हता. पण घाव पुढेच होता. हिल्के पुढचं पान वाचू लागली आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"'बाई पन्नाशीची झाली की तिची बहीण तिच्या मेलेल्या नवऱ्याला बागेत उभा करते. बाई येऊन त्याच्याशी गप्पा मारते. मग रागावून बहिणीला संडासातून काढून टाकते. मी इतका हसलो की...'"

पुस्तक मिटल्याचा आवाज झाला. पाणी ओढायलाही हिल्के विसरली.

गाव लहान आहे. चार दिवसांत सगळ्यांनी वाचलं. पोरं फाटकाशी सायकली थांबवून ओरडायची, "काकू, गेर्लोफकाका घरात आहेत का?" खाटीक म्हणाला, "आज एकालाच की दोघांना?" आणि लगेच जीभ चावली. कालव्यापलीकडे वीप्केलाही लोक कोटवाली म्हणू लागले. वीप्केला आपलं नाव का खोडलं गेलं, हे त्या पुस्तकातून कळलं. तिला वाटलं, रेन्स्के आता तरी बोलेल. रेन्स्केला वाटलं, वीप्के आता तरी येईल. दोघीही कालव्याच्या दोन काठांवरून सायकली हाकत राहिल्या.

मग दुआर्तेचं पत्र आलं. माझ्या पाठीवरचं ते हेच. रेन्स्केने ते माझ्यासमोर उभ्याने वाचलं. पुस्तक फार खपलं होतं, वाचक सारखे तिच्याबद्दल विचारत होते, ती त्यांची लाडकी झाली होती. आता चित्रांची नवी आवृत्ती निघणार होती. तर कोट जपून ठेवला असेल तर बाहुलीला पुन्हा घालून, शेजारी उभं राहून, तिचं छायाचित्र मिळेल का? क्षमेचा एक शब्द नव्हता. मला वाटतं, क्षमा मागण्यासारखं काही केलं आहे, हे त्याला कळलंच नव्हतं.

रेन्स्केने पत्र फाडलं नाही. तिने मला खिळ्यावरून काढलं, पत्र आधी अडकवलं आणि माझ्याखाली दाबून टाकलं. त्याचं पुस्तक माझ्या खालच्या फळीवर, जुन्या मासिकांत ठेवलं. मग बैठकीच्या खोलीत जाऊन तिने रस्त्यावरचे पडदे ओढले. आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या पडदे ओढणं म्हणजे घरात कुणी गेल्यासारखं असतं.

ते पडदे उघडेनात. वाढदिवसाला खुर्च्या मांडल्या गेल्या नाहीत. कुणी घरी येईना, म्हणून माझ्यासमोर बसेना. माझं पान फेब्रुवारीवर अडकलं आणि तिथेच राहिलं. एप्रिल गेला, सप्टेंबर गेला, बाहेर कालवा गोठला आणि वितळला, मी फेब्रुवारीच दाखवत राहिलो. माझ्यावरची माणसं वाढत्या वयाची होत होती आणि त्यांना शुभेच्छापत्रं जात नव्हती. कॅलेंडरला याहून मोठी शिक्षा नाही.

त्या दिवसांत मी सुडाचाच विचार करायचो. माझ्यासारख्या भिडस्ताला ते शोभत नाही, कबूल. पण दुसरं करायला होतं काय? फळीवरच्या त्याच्या पुस्तकाला दमटपणाने बुरशी धरली, तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही. एकदा कागदाची गुंडाळी संपली. मी मोठ्या आशेने खाली पुस्तकाकडे पाहिलं. पण रेन्स्के सभ्य बाई आहे. ती जाऊन नवी गुंडाळी घेऊन आली.

आणि मग गेल्या जानेवारीत, ऐन जेवणाच्या वेळी, पुढच्या दारावर धाडधाड थापा पडल्या.

"रेन्स्के! उघड! थंडीने फुटायची वेळ आलीय माझी!"

दार उघडलं, कुणीतरी बोळातून वाऱ्यासारखं आलं, आणि काय होतंय ते कळायच्या आत वीप्के माझ्यासमोर बसलेली! ओला कोट, लाल नाक. तिने कडी लावली.

"न विचारता आलीस," बाहेरून रेन्स्केचा आवाज. "आणि तेही जेवायच्या वेळी."

"विचारलं असतं तर वेळ नाही म्हणाली असतीस."

"वेळ नाहीच आहे. चूल चालू आहे माझी."

"असू दे." वीप्के माझ्याकडे बघत होती. "फेब्रुवारी? अगं, जानेवारी चालू आहे! हे कुणी उलटत नाही का?" आणि ती स्वतःच पानं उलटू लागली. मला कळलं ती कुठे निघाली आहे. माझी इच्छा नव्हती. पण पानं काय, उलटणाऱ्याची. ऑक्टोबर आला आणि ती थांबली. पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या नावावरची रेघ डोळ्यांनी बघणं वेगळं.

तिने रेघेवरून बोट फिरवलं. मग दाराला तोंड लावून म्हणाली, "पेन रुतवून ओढलीस. पलीकडून उमटलीय."

"हो."

"खाटकाला तोंडावर म्हणतेस तुझा कीमा शिळा आहे. पाद्र्याला म्हणतेस प्रवचन लांबतं. आणि मला एक वाक्य बोलता आलं नाही? वीप्के, गाढवे, तो कोट का घातलास, एवढं एक?"

बाहेर चुलीवरच्या भांड्याचं झाकण खडखडलं.

"एक परका सगळ्या जगाला सांगतो, आणि मी ते छापलेलं वाचते! रेन्स्के, मला पावसाची काळजी होती गं. एवढंच डोक्यात होतं. बाहुली भिजेल. एवढंच."

"मी त्याच्याशी बोलले, वीप्के," बाहेरून आवाज आला. "उशीच्या अभ्र्याशी बोलले मी."

वीप्केने डोळे पुसायला कागद ओढला, हात उडाला, आणि मी खिळ्यावरून निसटून तिच्या मांडीवर पडलो. माझ्याबरोबर पत्र. तिने ते उचललं, वाचलं. मग खिशातून तसंच दुसरं काढलं.

"तुलाही आलंय?"

"काय?"

"तू उत्तर दिलं नाहीस म्हणून आता, इतक्या वर्षांनी, त्याने मला लिहिलंय! म्हणतो, तुम्ही तरी बाहुली पुन्हा बनवा आणि शेजारी उभ्या राहा. हसत! म्हणूनच तर आले मी!" तिने कडी काढली आणि दार उघडलं. दोघी समोरासमोर. वीप्केचे लांब मोजे अजून धड वर ओढलेले नव्हते. "रेन्स्के, तुझ्यावर मी पुढच्या आठवड्यात रागावते. आधी या माणसाचं काय करायचं ते सांग."

रेन्स्केने तिच्याकडे पाहिलं, मग पत्राकडे.

"बटाटे माझ्यापुरतेच घातलेत," ती म्हणाली.

"माहीत आहे. पुस्तकात आलंय."

मांसाचा गोळा एकच होता. तो तिने अर्धा केला. मला हे दिसलं, कारण वीप्के मला काखेत घेऊनच स्वयंपाकघरात गेली होती. पालेभाजी घालून कुस्करलेले बटाटे दोघींनी एकाच भांड्यातून खाल्ले आणि खाताना ज्या गोष्टी बोलल्या त्या ऐकून माझी पानं टवटवीत झाली. वीप्केचा पहिला बेत होता की मेलेला मासा पाठवावा.

"टपालखात्याची माणसं काय करतील बिचारी?" रेन्स्के म्हणाली. "पेटीतलं टपाल उचलणारा पोरगा आपल्या हिल्केचा भाचा."

"मग शिव्या पाठव."

"शिव्या तो छापेल. चौथी आवृत्ती काढेल."

वीप्केने मोठा घास घेतला. रेन्स्के काटा चाटून म्हणाली, "त्याला आपलं सगळं आवडलं होतं ना? गोल, अभिनंदन, बिस्किट? मग ते त्याला देऊ. नीट देऊ. पुस्तकात लिहिलंय तस्सं."

तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी अनेक वर्षं पाहिलं नव्हतं. चांगलं हसू नव्हतं ते. मला फार आवडलं.

कागद हवा होता. घरातलं लिहायचं पॅड दमटलेलं. वीप्केने माझं ऑक्टोबरचं पान चिमटीत धरलं. "हे घे. मागची बाजू कोरी आहे. ही रेघ मला या घरात नको."

"अगं, ते कॅलेंडर आहे! आणि तुझा वाढदिवस?"

"तू लक्षात ठेवशील. आता विसरलीस तर बघ!"

आणि तिने ओढलं. मित्रांनो, मला दुखलं. बारा पानांनी जन्मलो होतो, एकही कधी सुटलं नव्हतं. पण त्या पानावर त्याचं नावही होतं, आणि तेही माझ्या अंगावरून जात होतं. जाण्याआधी वीप्केने पेन घेतलं आणि रेन्स्केच्या रेघेखाली, दुआर्तेच्या नावावर, पेन रुतवून तशीच रेघ ओढली. कागद जवळजवळ फाटला. मी मनात म्हटलं, अजून जोरात.

मग रेन्स्केने आपल्या सुरेख अक्षरात मागच्या बाजूला लिहिलं. वीप्के मध्ये मध्ये शिव्या सुचवत होती, रेन्स्के त्या गाळत होती. लिहून झाल्यावर तिने मोठ्याने वाचलं:

"श्री. दुआर्ते यांस. तुमचं पत्र पोचलं. कोटाचं छायाचित्र मिळणार नाही. बावीस फेब्रुवारीला माझा वाढदिवस आहे. दुपारी साडेतीनला या. गोलात तुमची खुर्ची राखून ठेवली आहे, दारापासून सगळ्यांत लांबची. तुमच्या पुस्तकात आलेली सगळी माणसं हजर राहतील. आधी प्रत्येकजण हात मिळवून तुमचं अभिनंदन करील. मग प्रत्येकजण आपापल्याबद्दलचं पान मोठ्याने वाचील आणि तुम्ही ऐकाल. हसू आलं तर हसा. आम्ही बघत असू. घोडीचं पान हिल्के वाचील. बाहुलीचं पान वीप्के वाचील. कोटाचं पान मी वाचीन. कॉफी दोनदा मिळेल, बिस्किट एकदा. साडेपाचला आम्ही जेवायला बसतो, तोवर तुम्ही निघालेले असाल. यायला जमत नसेल तर हे पान तुमच्या घरी टांगा. कुठे, ते तुम्हाला माहीत आहे."

"'तुमची विश्वासू' लिहू नकोस," वीप्के म्हणाली.

"नुसतं रेन्स्के लिहिते."

मला पुन्हा खिळ्यावर लावायला रेन्स्के आली. अकरा पानांचा मी. जानेवारीचं पान पुढे करून तिने मला सरळ केलं, जरा मागे सरून पाहिलं. मग जी बाई दर आठवड्याला इथल्या फरशा घासते, भिंतीवर बोटाचा डाग दिसला तर पोरांना रागावते, तिने पेन काढलं आणि माझ्या शेजारी, पांढऱ्या चुन्यावर, तारीख लिहिली आणि तारखेपुढे 'वीप्के'. मोठ्या अक्षरात. तिथून आता कुणी ते फाडू शकत नाही. रंगारी येईल तेव्हा त्याला ती काय सांगेल ते सांगो.

मित्रांनो, माझ्यासारख्याने उपदेश करावा का, मला शंकाच आहे. पण एवढी वर्षं मी माणसं बघितली, तेवढ्या हक्काने सांगतो. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलात तर त्यांच्या बिस्किटांवर खुशाल हसा, बटाट्यांवर हसा, माझ्यावरही हसा. मी जिथे टांगलेला आहे तिथे हसू येणारच. पण कप धुता धुता कुणी तुम्हाला आपलं दुःख सांगितलं, तर ते तिथेच ठेवून या. ते तुमच्या सामानात भरू नका. आणि नाव तर फार जपून वागवा. ज्या घराने तुमचं नाव आपल्या भिंतीवर लिहिलं, त्या घराला ते पुसताही येतं. आम्ही भिंतीवर असतो, आम्हाला सगळं ऐकू येतं, आणि आम्ही घाई करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीप्के पुन्हा आली. या वेळी विचारून. बोळात दोघी कोट चढवत होत्या.

"तिकीट पुरेसं लावलंस ना? कमी पडलं तर परत येईल."

"दोन जास्त लावलीत."

"आणि तो आला तर?"

"येऊ दे," रेन्स्के म्हणाली. "खुर्ची आहेच."

"नाही आला तर?"

"तर भिंत त्याची आहे."

पुढचं दार उघडण्याआधी मी बैठकीच्या खोलीतून एक आवाज ऐकला, बरेच हिवाळे न ऐकलेला. कड्या दांडीवरून सरकल्या. पडदे उघडले. बोळात उजेडाची एक पट्टी आली आणि माझ्या दाराखालून आत शिरली.

टपालाची केशरी पेटी पुलाच्या टोकाशीच आहे, गेर्लोफच्या जुन्या चौकीला लागून. माझी खिडकी उंच आणि तळहाताएवढी. तिच्यातून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. दोघींची पावलं पुलापर्यंत गेली आणि थांबली. हिल्के आपल्या दारातून ओरडली, "कुठे निघालात गं दोघी?" आणि वीप्के ओरडून म्हणाली, "बावीस फेब्रुवारीला ये, पुस्तक घेऊन ये!"

मग पेटीचं झाकण उघडलं, आणि खट्दिशी पडलं.